गोविंदाबापूंमधून एक वजा

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचेही अध्यक्ष सन्माननीय प्रफुल्लराव. संस्थापक कैलासवासी गोविंदाबापूंच्या सहधर्मचारिणी आणि अध्यक्षांच्या मातोश्री, पहिल्या रांगेत सोफ्यावर बसलेल्या आदरणीय हंसाबाई. प्राचार्य जीवन सर. व्यासपीठावर खुर्ची मिळालेले आणि खुर्ची न मिळाल्यामुळे पायरीशी ताटकळत उभे असलेले सर्व मान्यवर. आजच्या सत्कारमूर्ती पायल ढोके मॅडम. माझे सहकारी, पालकवर्ग, आणि हजेरी लागणार असं कळल्यामुळे मोठ्या संख्येनं उपस्थित राहिलेल्या माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

मी पुष्पा राठोड. संगणक विभागात शिकवते. कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'मनोगत, थोडक्यात' असं छापलं आहे. पत्रिकेत इतक्या वक्त्यांची नावं आहेत, पण 'थोडक्यात' हा शब्द फक्त माझ्याच वाट्याला आला. प्राचार्यांनी इतक्या वर्षांत मला ओळखलं आहे, हे त्यावरून दिसतं. पण सर, मी पुढच्या वर्षी निवृत्त होते. निवृत्तीला आलेल्या बाईला थोडक्यात बोलायला सांगणं म्हणजे तिच्याकडून जरा जास्तच अपेक्षा करणं आहे.

बोलण्याआधी सगळ्यांनी एकदा वर पाहावं. या सभागृहातल्या प्रत्येक पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव रंगवलेलं आहे. पंखा फिरत असला की नाव वाचता येत नाही आणि लाईट गेली की वाचता येतं. आपल्या दारव्ह्यात विजेची जी परिस्थिती आहे, तीत कोणत्याही दात्यावर अन्याय होत नाही. गेटला नाव आहे, ग्रंथालयाला आहे, थंड पाण्याच्या मशीनला आहे. मागच्या अंगणातली बोअर आटून किती उन्हाळे झाले, पण तिच्यावरची संगमरवरी पाटी आजही रोज पुसली जाते. मी हे टीका म्हणून सांगत नाही. ही आपली रीत आहे, आणि आज पायल मॅडम ज्या कारणानं चालल्या आहेत, ते कारण या रीतीशिवाय कोणाला कळणार नाही.

पायल मॅडम मूळच्या राळेगाव तालुक्यातल्या. इथे खोली करून राहतात. आमच्या विभागात तासिका तत्त्वावर शिकवायला आल्या. तासिका तत्त्व म्हणजे काय ते पालकांना सांगते. तास घेतला तर मानधन, सुट्टी आली तर सुट्टी, आणि दर जूनमध्ये 'यंदा आहे का नाही' हे विचारायला ऑफिसात खेपा. पोरगी हुशार. पण तिच्यात एक खोट होती, ती मुलाखतीत आमच्या कोणाच्या लक्षात आली नाही. दुसऱ्यानं लिहिलेलं ती वाचायची. नुसतं पुढे ढकलायची नाही.

आता पालकांसाठी आणि मान्यवरांसाठी दोन शब्द यंत्राविषयी. प्रोग्राम म्हणजे यंत्राला दिलेल्या सूचनांची रांग. यंत्र ती इतक्या वेगानं पाळत जातं की चूक कुठे झाली ते दिसतच नाही. म्हणून डिबगर नावाचा दुसरा प्रोग्राम लागतो. तो पहिल्याला हवं तिथे अडवतो, त्याच्या खिशात काय काय आहे ते बघतो आणि पुन्हा सोडून देतो. यवतमाळ रोडवर गाडी बाजूला घ्यायला लावून कागदपत्रं बघतात, तसंच समजा. फक्त डिबगर पावती फाडत नाही.

यंत्राच्या आत एक आकडा असतो. पुढची सूचना कुठे ठेवली आहे, एवढंच तो सांगतो. सूचना पाळली की आकडा पुढे सरकतो. त्याला प्रोग्राम काउंटर म्हणतात. डिबगर लिहिणारे लोक आपल्या लिखाणात या आकड्याला एखादं सरळ, वाचताच कळेल असं नाव देतात. कारण घोळ इथेच होतो. हा आकडा झालेल्या सूचनेची जागा दाखवतो की व्हायच्या सूचनेची, हे वाचणाऱ्याला नावावरून कळलं नाही तर तो फसतो.

कसा फसतो तेही सांगते, घाबरू नका, सोपं आहे. यंत्राला एका जागी अडवायचं असेल तर तिथली सूचना उचलून बाजूला ठेवायची आणि तिच्या जागी 'थांब' ही सूचना ठेवायची. यंत्र येतं, 'थांब' पाळतं आणि थांबतं. पण 'थांब' पाळल्यामुळे आकडा एकानं पुढे गेलेला असतो. आता मूळ सूचना जागेवर ठेवून यंत्राला सोडायचं, तर आधी त्या आकड्यातून एक वजा करावा लागतो. नाही केला, तर मूळ सूचना पाळायची राहून जाते. आमच्या प्रयोगशाळेत जे यंत्र शिकवतात, त्यासाठी डिबगर लिहिणारा कोणीही हे वजा करतो.

आपल्या कॉलेजच्या डिबगरमध्ये करत नव्हते. काहून? कारण आपल्याकडे त्या आकड्याचं नाव होतं 'कै. गोविंदाबापू'.

हसू नका. हंसाबाई समोर बसल्या आहेत. हा डिबगर आमच्या विभागानं स्वतः लिहिला, त्याचा मला अभिमान आहे. कॉलेजात पहिल्यांदा संगणक आले त्याच वर्षी बापू गेले. शोकसभेत ठराव झाला की संगणक विभागातल्या सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीला बापूंचं नाव द्यावं. इमारतीला नाव आधीच होतं. मग कोणीतरी विचारलं, यंत्रात सर्वांत महत्त्वाचं काय असतं? तेव्हाचे विभागप्रमुख म्हणाले, प्रोग्राम काउंटर, कारण बाकी सगळे त्याच्या मागे चालतात. सभेला ते फार पटलं. संगणक देणाऱ्या उकंडा शेठजींनाही वाईट वाटू नये म्हणून दुसऱ्या एका मोजणीला त्यांचं नाव दिलं. पेढे वाटले. मीही खाल्ला, चांगला होता.

पुढे वापरायला घेतल्यावर कळलं की एक सूचना गळते. दुरुस्ती एका ओळीची होती. पण ती ओळ काय होती? 'कै. गोविंदाबापू बरोबर कै. गोविंदाबापू वजा एक.' ही ओळ लिहायची कोणी? ज्यांच्या संस्थेचं मीठ खातो, त्यांच्यातून वजा करायचं, तेही ते हयात नसताना? प्रत्येकानं दुसऱ्याकडे पाहिलं, आणि सगळे मिळून जेवायला गेले.

मग तोडगा निघाला. विद्यार्थ्यांनी असं करायचं, की जिथे यंत्राला अडवायचं तिथे आधी एक रिकामी सूचना ठेवायची. रिकामी म्हणजे, 'काहीही करू नको' अशी. अडवायचं तिच्यावर. मग गळली तर तीच गळेल, कामाची सूचना वाचेल. पोट्ट्यांनी तिचं नाव पाडलं नैवेद्य. पुढे आम्ही मास्तरलोकही तेच म्हणू लागलो. छापील टिपणांत आलं. तोंडी परीक्षेत प्रश्न विचारला जायचा, 'नैवेद्य कुठे ठेवतात?' आणि बरोबर सांगितलं की पूर्ण गुण. चुकीची अशी सवय लागली की ती अभ्यासक्रमात कधी शिरली, ते कोणाला कळलं नाही.

हे असंच चाललं असतं. पण मागच्या वर्षी आमचा अश्वजित नागपूरला एका कंपनीत मुलाखतीला गेला. राजूरचा पोरगा, बाप कोळसा खाणीत. वर्गात पहिला. त्यांनी त्याला त्यांच्या संगणकावर बसवलं आणि एक चूक शोधायला दिली. यानं आधी काय केलं असेल? रिकामी सूचना ठेवली. त्यांनी विचारलं, ही कशाला? हा म्हणाला, सर, नैवेद्य. त्यांनी विचारलं, कोणाला? हा म्हणाला, गोविंदाबापूंना. पोरगा खोटं बोलला नाही. आम्ही जे शिकवलं तेच त्यानं सांगितलं. त्याची निवड झाली नाही.

तो परत आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये होते. पायल मॅडमसमोर उभा राहून म्हणाला, "म्याडम, ते हासले असते तं चाललं असतं. ते माह्यावर दया करून राह्यले होते." मला आजही ते आठवलं की राग येतो. त्या कंपनीचा नाही.

पायल मॅडमनी त्या दिवशी डिबगरचं मूळ लिखाण उघडलं. सगळं वाचलं. आणि दुरुस्त केलं. त्या आकड्याला नाव दिलं 'पुढच्या सूचनेचा पत्ता'. यंत्र अडलं, की त्यातून एक वजा. संपलं काम. बापूंचं नाव त्यांनी फेकून दिलं नाही बरं का. लिखाणाच्या अगदी वर, जिथे यंत्र बघत नाही पण माणूस आधी बघतो, तिथे लिहिलं: 'संस्थापक गोविंदाबापू यांच्या स्मृतीस.' वर्गात येऊन मुलांना म्हणाल्या, आता नैवेद्य बंद. मुलांना खरं वाटेना. एकानं घाबरत विचारलं, "म्याडम, परीक्षेले चालन का?"

परीक्षेला चाललं, पण सभेला नाही चाललं. बापूंचं नाव काढलं ही बातमी अध्यक्षांपर्यंत गेली. कोणी नेली ते मी सांगणार नाही, ते व्यासपीठावरच आहेत. नामकरण समिती नेमली गेली. समितीत प्राचार्य होते, स्थापत्य विभागाचे एक सर होते, आणि कॅन्टीन चालवणारे गृहस्थ होते, कारण बैठकीला चहा लागतो. मीही होते, महिला प्रतिनिधी म्हणून.

काय चर्चा झाली ती, बाप्पा! स्थापत्यवाले सर म्हणाले, बापूंना हलवायचं कशाला? बापू जागेवर राहू द्या, बाकी सगळ्या सूचना एकेक घर पुढे सरकवा. आपले जीवन सर समन्वयी स्वभावाचे. ते म्हणाले, वजा हा शब्दच नको, आपण बापूंमध्ये उणे एक मिळवू. मिळवणीनं कोणाच्या भावना दुखावत नाहीत. पायल मॅडम म्हणाल्या, सर, यंत्राला दोन्ही सारखंच आहे, पण पुढच्या वर्षी हे वाचणाऱ्या मुलाला गोविंदाबापू म्हणजे काय ते कसं कळणार? तेव्हा कॅन्टीनवाले म्हणाले, 'पुढच्या सूचनेचा पत्ता' हे काय नाव झालं का? यात सन्मान कोणाचा होते?

पायल मॅडम म्हणाल्या, "वाचणाऱ्याचा."

मग चहा आला.

समितीचा निर्णय असा झाला. आकड्याचं जुनं नाव पूर्ववत करावं आणि त्याच्या आधी 'श्रद्धेय' हा शब्द जोडावा. वजाबाकी काढून टाकावी. नैवेद्य पूर्ववत सुरू करावा. आणि पायल ढोके यांना यंदा तासिका देण्यात येऊ नयेत, मात्र त्यांना शाल आणि श्रीफळ देऊन सन्मानानं निरोप द्यावा. निर्णय एकमतानं झाला असं कार्यवृत्तात लिहिलं आहे. मी विरोधात हात वर केला होता. तो पंखा कमी करायला सांगण्यासाठी असावा, असं समजलं गेलं.

काल मी पायलला विचारलं, पुढे काय? मॅडम म्हणून नाही, आपली म्हणून विचारलं. म्हणाली, राळेगावले सेवा केंद्रात काम आहे. जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले काढून द्यायचे. म्हणाली, "वाईट नाही म्याडम, पण तिथं शिकवाले कोणी नाही." डोळ्यांत पाणी नव्हतं तिच्या. माझ्याच होतं. या कॉलेजात मी इतके सत्कार पाहिले, पण ज्याच्या गळ्यात हार घातला त्यालाच हाकललं, असा हा पहिलाच.

तर मान्यवरहो, पायल मॅडमच्या कार्याविषयी बोलायचं झालं तर... हंसाबाई, तुम्ही कायले उठता? बसा, बसा. काय पाहिजे, पाणी? माईक? अहो, माईकची तार तिथपर्यंत पोचत नाही. तुम्ही बोला, मी मागच्या रांगेसाठी सांगत जाते. साहेब, आई बोलत आहेत, त्यांना बोलू द्या.

हंसाबाई म्हणतात, माह्या मालकाले तुम्ही मशिनीत कोंडलं अन मलेच नाही सांगतलं?

खरं आहे. ठरावाची प्रत त्यांना द्यायची राहिली.

म्हणतात, बापूतून एक वजा केला असता तं काय बिघडलं असतं? त्याइले शुगर होती. चहात दोन चमचे साखर मांगे, मी रोज एक वजा करून देवो. एक दिवस बोलले नाही.

टाळ्या नका वाजवू, त्यांचं अजून संपलं नाही. काय म्हणता आई? हो. म्हणतात, मशिनीले रोज नैवेद्य दाखवता, अन बापूच्या वर्षश्राद्धाले तुमच्यातला एक मास्तर फिरकला नाही. हे मी जसंच्या तसं सांगितलं, सर, माझ्या पदरचं काही नाही. आणि म्हणतात, प्रफुल्ल, बापूचं नाव काढ तिथून, अन त्या पोरीनं केलं तसं करून टाक.

बसा आई. हळू. कोणी हात द्या त्यांना.

अध्यक्ष उभे राहात आहेत. सभागृहानं शांतता राखावी. साहेब, हा माईक घ्या. नको? बरं, मीच सांगते, आज मी सगळ्यांचा भोंगा आहे. अध्यक्ष म्हणतात की मातोश्रींचा शब्द त्यांना प्रमाण आहे. श्रद्धेय गोविंदाबापूंना आजपासून त्या जबाबदारीतून मुक्त करण्यात येत आहे. आता टाळ्या वाजवायला हरकत नाही.

पुढे म्हणतात, वजाबाकीही पुन्हा घालण्यात यावी. हेही झालं. पायल, ऐकलं का? तुझी ओळ परत आली. अश्वजितच्या मागून जे नागपूरला जातील, त्यांच्यावर आता कोणाला दया करावी लागणार नाही. मला फार बरं वाटलं साहेब, मनापासून सांगते.

अजून काही आहे? बोला. हो. अध्यक्ष म्हणतात, या विषयातलं पायल मॅडमचं योगदान लक्षात घेता, संस्थेनं त्यांची कायमस्वरूपी आठवण ठेवली पाहिजे. म्हणून त्या आकड्याला यापुढे... साहेब, थांबा, मी नीट ऐकलं का? त्या आकड्याला यापुढे 'पायलताई' असं नाव देण्यात येत आहे.

प्राचार्य टाळ्या वाजवत आहेत. कॅन्टीनवाले उभे राहून वाजवत आहेत.

जरा थांबा. साहेब, आणि तिच्या तासिका? त्याचं काय? पुढच्या सभेत बघू. पुढची सभा कधी? ते त्या सभेत ठरेल. बरं, म्हणजे ती मात्र चाललीच.

पायल, तू काही बोलतेस का? ये इकडे. तिथूनच? ती म्हणते... मी सांगते, तिथून मागच्या रांगेला ऐकू जाणार नाही. ती म्हणते, "मले नाव नको होतं सर. मले वर्ग पाहिजे होता."

एवढंच म्हणाली. आता ती बसली आहे, आणि शाल घडी करून बाजूच्या खुर्चीवर ठेवली आहे. हजेरीसाठी आलेल्या पोरांनो, तुमच्यातले कोणी कोणी खाली बघत आहेत, ते मला इथून दिसतं. दिसू द्या. लाजायचं तुम्हाला काही कारण नाही.

वेळ बराच झाला, मागच्या रांगेत लोक मसालेभाताच्या वासानं चुळबुळ करत आहेत. तेव्हा आभार मानते. हंसाबाईंचे आभार, त्यांनी घरातल्या साखरेचा हिशोब चारचौघांत सांगितला म्हणून. अध्यक्षांचे आभार, त्यांनी आईचं ऐकलं म्हणून, जेवढं ऐकलं तेवढ्याचे. प्राचार्यांचे आभार, त्यांनी 'थोडक्यात' लिहूनही मला मधे थांबवलं नाही. बोलण्याच्या भरात माझ्याकडून काही कमीजास्त झालं असेल, कोणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि उद्यापासून प्रयोगशाळेत 'पायलताई'तून एक वजा करताना कोणी कचरू नका. आज आपण अख्खी पायल वजा केली, तेव्हा कोणी कचरलं नाही.